डायव्हिंगसाठी ऑक्सिजन सिलिंडर: प्रिन्सेस स्ट्रीटचं सर्जिकल दुकान

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी डाइव्ह करताना बोटीवर प्रथमोपचारासाठी आमचा स्वतःचा ऑक्सिजन हवा, असं ग्रुपमध्ये ठरलं आणि सिलिंडर भाड्याने आणायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका जुन्या सर्जिकल दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं, "ताई, पेशंटचं वय काय?" पेशंट नाही, समुद्रात डायव्हिंग आहे म्हटल्यावर त्यांनी वही बाजूला ठेवली आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो. भरभर वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात. अशा वेळी शुद्ध ऑक्सिजन दिला, तर फुप्फुसात नायट्रोजन जवळपास उरत नाही आणि अंगातला लवकर बाहेर पडतो. खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्येच, म्हणजे पुन्हा दाब वाढवणाऱ्या बंद खोलीतच होतो, पण तिथे पोचेपर्यंतचा वेळ ऑक्सिजनवर काढायचा असतो.

मी नाकातली नळी उचलली होती. काकांनी ती परत घेतली. "यातून बाहेरची हवा पण जाते, पिशवीवाला मास्क न्या." या पिशवीवाल्या, म्हणजे नॉन-रिब्रीदर मास्कला मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन लागतो. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतात, म्हणजे शंभर मिनिटं. नेत्राणीहून मुरुडेश्वरला बोटीने यायला दीड-दोन तास धरा. काकांनी बिलाच्या मागे हिशेब करून दाखवला: एक पुरणार नाही. दोन घेतले. ऑनलाइन मिळणारे स्प्रेसारखे ऑक्सिजन कॅन या सिलिंडरसमोर काहीच नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

सिलिंडरच्या मानेवरची हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख त्यांनी स्वतःहून दाखवली. रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही, ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं, हेही बजावलं. बोटीवर सगळ्यांचे हात सनस्क्रीनने माखलेले असतात, त्यामुळे ही सूचना आम्हाला फारच उपयोगी पडली.

दुसऱ्या डाइव्हनंतर आमच्यातल्या एकीचा खांदा दुखायला लागला. किनाऱ्यापर्यंत तिला मास्क लावून ठेवला. दुखणं उतरलं, तरी तिला डॉक्टरकडे नेलंच. ऑक्सिजनने बरं वाटतं, त्यामुळे बुडबुड्यांचा आजार लपूही शकतो. आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, ऑक्सिजन घेतला म्हणून ते कमी होत नाहीत.

तक्रार एकच. व्हॉल्व्हची चावी सुटी देतात, हलत्या बोटीत ती हरवायला वेळ लागत नाही. दोरी बांधून देता येईल. भाडं वाजवी आहे, डिपॉझिट लगेच परत मिळालं. रविवारी बंद. शक्यतो सकाळी जा, गर्दी कमी असते, आणि मास्कची पिशवी फुगते की नाही ते दुकानातच सिलिंडर उघडून बघून घ्या. काका न कंटाळता दाखवतात.