एसवायई आणि डबल कार्डन शाफ्टची जोडी: लिफ्टनंतरची थरथर खरंच जाते का?

जीप रँग्लर टीजे किंवा जुन्या जीप चेरोकी एक्सजेला चार इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन किट) बसवली की हायवेवर बऱ्याचदा फ्लोअरमधून गुणगुण सुरू होते. वेग वाढेल तशी तिची थरथर होते, आरसे हलायला लागतात. यावर सगळ्यांत जास्त सुचवली जाणारी खरेदी म्हणजे एनव्ही२३१ ट्रान्सफर केससाठीचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीसाठीचं) स्लिप योक एलिमिनेटर किट (एसवायई) आणि त्याच्या जोडीचा डबल कार्डन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे केसकडून अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा दांडा. निकाल आधीच सांगून टाकतो: जोडी उत्तम आहे, पण खोक्यातून फक्त अर्धं काम येतं. पिनियन (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो ते टोक) वर फिरवायची सोय तुमच्या गाडीत नसेल, तर हा महागडा शाफ्ट बसवून थरथर आधीपेक्षा वाढूही शकते.

२००३ ते २००६ च्या टीजे रुबिकॉनवाल्यांनी एसवायईच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्या एनव्ही२४१ ट्रान्सफर केसला कंपनीकडूनच फिक्स्ड योक (शाफ्ट जोडायचा, न सरकणारा चिमटा) मिळालाय. त्यांना शाफ्ट आणि पिनियन एवढंच पाहायचंय.

किट मागवण्याआधी थरथर शाफ्टचीच आहे याची खात्री करा. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून वाळलेली माती असते आणि तिच्यापायी लोक शाफ्ट बदलतात. आधी रिम धुवा. मग थरथर सुरू असतानाच्या वेगाला गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी वाहू द्या. इंजिनचे आरपीएम खाली आले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, माउंट यांचा संबंध नाही. पुढची पायरी मोबाइलमधल्या व्हायब्रेशन अ‍ॅपची. ३३ इंची टायर, ४.१० चा डिफरन्शियलचा रेशो आणि ताशी ८० किमी वेग धरला तर चाक सेकंदाला सुमारे ८.७ फेऱ्या मारतं आणि शाफ्ट सुमारे ३६. अ‍ॅपवर ९ हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला तर टायर किंवा रिम. ३६ च्या आसपास असेल तर शाफ्टचा बॅलन्स, वाकलेली नळी किंवा झिजलेला योक. आणि ७१–७२ वर असेल तर दोष क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या) कोनात आहे. क्रॉसची गडबड शाफ्टच्या दर फेरीत दोनदा होते, म्हणून आकडा बरोबर दुप्पट येतो. आपला रेशो आणि टायर घालून हा हिशेब पाच मिनिटांत होतो, आणि चुकीच्या खरेदीपासून वाचवणारी याहून स्वस्त गोष्ट नाही.

दुप्पट का, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. साधा क्रॉस कोनात फिरतो तेव्हा आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग फेरीत दोनदा वाढतो, दोनदा घटतो. ट्रान्सफर केसचा आउटपुट ३ अंश खाली झुकलेला आणि शाफ्टचा उतार २०.८ अंश धरा. क्रॉसचा कामाचा कोन झाला १७.८ अंश. या कोनाला वेग दर फेरीत सुमारे ५ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. दुसऱ्या टोकाला नेमका तेवढाच कोन असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर ही चढउतार तिथे रद्द होते. म्हणूनच दोन क्रॉसच्या साध्या शाफ्टला आउटपुट आणि पिनियन समांतर लागतात आणि दोन्ही कोनांतला फरक एका अंशाच्या आत ठेवायचा असतो. मात्र रद्द होते ती फक्त पिनियनपर्यंत जाणारी चढउतार. मधली नळी स्वतः दर फेरीत झटके खातच राहते. त्यामुळे एवढ्या मोठ्या कोनाला समांतरपणा कितीही अचूक असला तरी हायवेच्या वेगात थरथर राहतेच. ३००० आरपीएमला सहा अंशांच्या आतला कोन चांगला मानतात, यावरून १७.८ किती बाहेर गेलाय ते कळेल.

टीजेचा मूळ दोष तिच्या आखूडपणात आहे. ९३.४ इंचांच्या व्हीलबेसमध्ये मागच्या शाफ्टला जागाच उरत नाही. समजा दोन टोकांच्या उंचीत १६ सेंमी फरक आहे. शाफ्ट ४५ सेंमीचा असेल तर उतार २०.८ अंश, ५८ सेंमीचा असेल तर १६. एसवायई हेच करतं. ट्रान्सफर केसची लांब शेपटी आणि तिच्यात आत-बाहेर सरकणारा योक काढून आखूड, जाड आउटपुट शाफ्ट आणि फिक्स्ड योक बसवतं. सरकणारा सांधा शाफ्टमध्येच जातो आणि शाफ्टला लांबी मिळते. शिवाय मूळ स्लिप योकवर शाफ्ट काढला की तेल रस्त्यावर सांडतं. फिक्स्ड योक असेल तर मागचा शाफ्ट तुटल्यावर तो सोडून पुढच्या चाकांवर घरी येता येतं.

किटचे दोन प्रकार मिळतात. एकात नवा आउटपुट शाफ्ट, बेअरिंग, सील, हाउसिंग आणि योक असं सगळं येतं. दुसऱ्यात जुनाच शाफ्ट जागेवर कापून त्याच्या टोकात भोक पाडून आटे मारायचे आणि बोल्टने फ्लँज आवळायची. दुसरा प्रकार स्वस्त आणि पटकन होणारा, पण भोक थोडं तिरकं गेलं की फ्लँज लंगडते आणि जी ३६ हर्ट्झची थरथर आधी नव्हती ती मिळते. ड्रिल गाइड आणि सावकाश हात नसेल तर पहिलाच प्रकार घ्या.

पहिल्या प्रकारात केस उघडावी लागते. एटीएफ (केसमधलं तेल) काढा, शेपटी आणि मागचं हाउसिंग सोडा, आणि केसचे दोन भाग फक्त ठरलेल्या खाचांत पाना घालून उघडा. सीलिंगच्या पृष्ठभागात स्क्रूड्रायव्हर खुपसला की गळती कायमची. चेन, स्प्रॉकेट आणि मोड फोर्क कसे बसलेत याचे फोटो काढून ठेवा. ऑइल पंपचा पिकअप पाइप आणि त्याची ओ-रिंग परत नीट बसली नाही तर आउटपुट बेअरिंग कोरडं पडतं, आणि ही चूक बाहेरून दिसत नाही. बोल्ट आवळण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून पाहा, जड लागला तर पुन्हा उघडा. स्पीडोमीटरचा गिअर आणि सेन्सर नव्या हाउसिंगमध्ये योग्य दाताला येतात की नाही तेही तेव्हाच तपासा.

शाफ्टचं माप एसवायई बसल्यावर, गाडी चाकांवर पूर्ण वजनात सपाट जागी उभी असताना घ्या. जॅकवर घेतलेलं माप बाद. पिनियन आधी अंदाजे नव्या कोनात वळवून ठेवा, कारण पिनियन फिरला की अंतर बदलतं. शाफ्ट आल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू देऊन हाताने फिरवा. योकचे कान एकमेकांना घासत असतील तर लिमिट स्ट्रॅप लावा किंवा शॉक आखूड करा. तसंच सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर स्प्लाइन (शाफ्टमधला सरकणारा सांधा) तळाला टेकता कामा नये.

आता या खरेदीचा गाभा. डबल कार्डन जॉइंटमध्ये वरच्या टोकाला दोन क्रॉस पाठीला पाठ लावून मधल्या सेंटरिंग बॉलवर बसलेले असतात. वरचा १३ अंशांचा कोन (नव्या शाफ्टचा उतार १६, वजा आउटपुटचे ३) ते साडेसहा-साडेसहा वाटून घेतात आणि एकमेकांची चढउतार तिथल्या तिथे रद्द करतात. म्हणजे खालच्या एकट्या क्रॉसने रद्द करायला काही उरतच नाही. त्याचा कोन जवळपास शून्य हवा, नाहीतर तोच नवी थरथर निर्माण करतो. इथेच बहुतेकांची गाडी अडते. वरच्या उदाहरणात पिनियन ३ अंशांवरून जवळजवळ १५ अंशांवर, थेट ट्रान्सफर केसकडे तोंड करून उभा राहायला हवा. जोर दिला की पिनियन नाक वर काढतो, म्हणून उभ्या गाडीत तो कॉइल स्प्रिंगवर एखादा अंश आणि कमान पाट्यांवर दोन अंशांपर्यंत कमी ठेवायचा.

टीजेमध्ये यासाठी मागचे अ‍ॅडजस्टेबल अपर आर्म (अ‍ॅक्सलला फ्रेमशी जोडणारे वरचे दांडे) लागतात. ते लांब केले की पिनियन वर जातो. लोअर आखूड करूनही कोन मिळतो, पण अख्खा अ‍ॅक्सल पुढे सरकतो आणि टायर, बम्पस्टॉप यांची जागा बिघडते. दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या ठेवा, शेवटी जॅम नट नीट आवळा. दहा-बारा अंश फिरवल्यावर खालची स्प्रिंग सीट झुकते, कॉइल धनुष्यासारखी वाकते, ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जाते. हे सगळं पाहून घ्या.

एक्सजेसारख्या कमान पाट्यांच्या गाडीला पाचरीसारखी शिम लागते. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर मागच्या अ‍ॅक्सलला जाड कड मागच्या बाजूला, पाटे खाली असतील तर पुढच्या बाजूला, तरच पिनियन वर जातो. उलटी बसवली की चूक दुप्पट. अ‍ॅल्युमिनियमच्या शिम चिरडतात आणि तुकडे पडून यू-बोल्ट सैल होतात. स्टीलच्याच घ्या, सेंटर बोल्ट लांब घ्या, यू-बोल्ट नवे घ्या. सहा अंशांपुढे शिम नको, पाट्यांच्या बैठका कापून नव्या कोनात वेल्ड करा.

मोजणीसाठी ०.१ अंश दाखवणारा मॅग्नेटवाला डिजिटल अँगल गेज पुरतो. आउटपुट योकच्या मशीन केलेल्या पृष्ठावर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियन योकवर असे तीन आकडे घ्या. उतार एकाच दिशेचे असतील तर वजाबाकी, विरुद्ध असतील तर बेरीज.

चालवून पाहताना गाडीच सांगते. फक्त जोर दिल्यावर गुणगुण आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर शांत, तर पिनियन जास्त वर आहे. उलट असेल तर कमी आहे. अर्ध्या अंशाने बदला आणि पुन्हा चालवा.

एक गोष्ट किटवाले क्वचितच सांगतात. पिनियन वर फिरला की डिफरन्शियलच्या मागच्या कव्हरमधलं फिलर भोक खाली जातं. भोकापर्यंत तेल भरलं तरी पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला कमी पोहोचतं. गाडीचा मागचा भाग उचलून नाक खाली झुकलेलं असताना भरा, म्हणजे पातळी जुन्या जागी येते. पिनियनला क्रॉस धरणाऱ्या पट्ट्या आणि बोल्टही नवे लावा. टीजेवर ते १९ न्यूटन मीटरलाच आवळायचे. जास्त दाबलं की कप चेपतो आणि नवा क्रॉस महिनाभरात कुरकुरायला लागतो.

आणि ट्रान्सफर केस ड्रॉप किट? फ्रेम आणि स्किडप्लेटमध्ये इंचभर स्पेसर घालून केस खाली करायची. कोन एक-दोन अंशांनी सुधारतो, हलकी थरथर जातेही. पण ज्यासाठी लिफ्ट केली ती उंची पोटाखालून परत जाते, लांब बोल्ट दगडावर आपटले की वाकतात, इंजिन मागे कलल्याने पंखा श्राउडला लागू शकतो आणि ४×४ च्या लिव्हरचं लिंकेज पुन्हा जुळवावं लागतं. दोन इंची लिफ्टवर चालेल, चार इंचांवर वेळ काढणं आहे. जिम्नी आणि जिप्सीमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते. तिथे केस खाली केली की मधल्या छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणजे थरथर मागून मध्ये आली इतकंच.

पुढच्या शाफ्टला हाच उपाय तसाच लागू होत नाही. पुढचा पिनियन वर फिरवला की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. तिथे आधी कॅस्टर सांभाळा, पिनियनला उरेल तेवढंच द्या. दोन्ही हवं असेल तर नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक वळतं तो भाग) कापून पुन्हा वेल्ड करण्यावाचून मार्ग नाही.

देखभालीत सेंटरिंग बॉल हा एकच खरा कमकुवत भाग. त्याचा ग्रीस निपल आत दडलेला असतो, साधी ग्रीसगन पोहोचत नाही, सुईसारखं टोक लागतं. पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात ग्रीस मारा. बॉल कोरडा पडला की कमी वेगात चिरचिर आवाज येतो, पुढे झोल येतो आणि थरथर परतते. तेव्हा फक्त सेंटरिंग बॉलचं किट आणि वरचे दोन क्रॉस बदला. उघडण्याआधी योकवर रंगाच्या खुणा करा. अर्धा फेरा उलट जोडलेल्या शाफ्टचा जुना बॅलन्स लागू पडत नाही.