घरच्या लाकूडफोड यंत्राला व्हॉल्व्ह कोणता? परीक्षा पाचर मागे येतानाच होते

दुकानात जाऊन ‘लाकूड फोडायच्या मशीनला व्हॉल्व्ह द्या’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, किती टनाचं? व्हॉल्व्हपुरता हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. यंत्रात पंपाचं तेल सिलिंडरला ढकलतं, सिलिंडर पाचर पुढे-मागे करतो, आणि तेल कुठल्या बाजूला जायचं ते व्हॉल्व्ह ठरवतो. टन ठरतात सिलिंडरच्या बोअरवर (आतल्या व्यासावर) आणि प्रेशरवर. व्हॉल्व्हच्या बॉडीला तेवढं प्रेशर सोसलं म्हणजे झालं, आणि बाजारातले बहुतेक लिव्हर व्हॉल्व्ह २०० बारच्या पुढेच असतात. विचारायचे प्रश्न दोन: परतीच्या वाटेवर मिनिटाला किती लिटर तेल जाणार, आणि लिव्हरवरून हात काढला की काय होणार?

आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीघरातला बंब अजून लाकडावर चालतो. पावसाआधी पडवीत लाकूडफाटा भरायचा, त्यात आंबा, फणस आणि अधूनमधून गाठीगाठीची बाभूळ. घण आणि लोखंडी पाचर घेऊन बाभळीशी झगडायचं वय सरलं, तेव्हा भावाने जाड आय-बीमवर सिलिंडर बसवून घेतला. बोअर १०० मिलिमीटर, पाचर ढकलणारा रॉड ५०, स्ट्रोक म्हणजे चाल ६००. पुढचे सगळे आकडे याच सिलिंडरचे आहेत. तुमचा वेगळा असेल तर हिशेबाची रीत तीच राहील.

बोअरचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. १६० बारला जोर होतो पावणेतेरा टनांच्या आसपास. घरगुती ओंडक्यांना तो भरपूर झाला. आता मागे येण्याचं गणित. रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ रॉडने खाल्लेलं असतं, उरतं सुमारे ५९. म्हणजे परतीत पंपाने रॉडच्या बाजूला ३ लिटर ढकलले की बोअरच्या बाजूने ४ लिटर बाहेर पडतात, आणि ते सगळे व्हॉल्व्हमधूनच टाकीत जातात. रॉड ६३ मिलिमीटरचा असेल तर पंपाच्या १ लिटरमागे दीड लिटरपेक्षा जास्त. व्हॉल्व्हवरचा मिनिटाला ‘४० लिटर’ हा शिक्का पंपाशी जुळवून लोक मोकळे होतात आणि परतीचं हे जास्तीचं तेल विसरतात.

हे कधी बोचतं आणि कधी नाही? ५ एचपीची मोटर, १४४० आरपीएम, फेऱ्याला ८ सीसी तेल देणारा साधा गिअर पंप असेल तर मिनिटाला मिळतात ११-१२ लिटर. परतीत होतात १५. एवढं तेल ४० लिटरचा सर्वात लहान लिव्हर व्हॉल्व्हही हसत हसत सोडेल. फक्त पुढे-मागे एका फेरीला पाऊण मिनिट लागतं. पहिल्या दिवशी ते चालून जातं, दुसऱ्या दिवशी ओंडका धरून उभा राहिलेला माणूस आभाळाकडे बघायला लागतो. मग दोन टप्प्यांचा पंप आणायचं ठरतं. रिकाम्या चालीत हा पंप दोन्ही गिअरजोड्यांचं तेल देतो. प्रेशर साधारण ३५-४५ बारच्या वर गेलं की मोठी जोडी टाकीकडे वळते आणि लहान जोडी एकटी जोर लावते. रिकाम्या चालीत ४० लिटर मिळत असतील तर परतीत ५३ होतात, आणि इथे तो लहान व्हॉल्व्ह घशात घास अडकल्यासारखा करतो. परतीच्या तेलाला अडथळा झाला की रॉडच्या बाजूचं प्रेशर वाढतं, पंपाला वाटतं काम सुरू झालं, तो लहान टप्प्यावर उतरतो. पाचर सुसाट मागे यायच्या ऐवजी रांगत येते. दोष पंपाला दिला जातो.

साधा मोनोब्लॉक लिव्हर व्हॉल्व्ह

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारलंत तर बहुधा हाच पुढे येतो: एका ओतीव बॉडीत एक स्पूल (सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा), वर लिव्हर, पोटातच रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल टाकीत सोडणारा). ४० आणि ८० लिटरचे सर्रास मिळतात. लिव्हर सोडला की स्प्रिंग स्पूलला मध्यावर आणते आणि पाचर जागीच थांबते. स्वस्त, दणकट, सील किट मिळतं, गावचा ट्रॅक्टर मिस्त्रीही उघडू शकतो. खोट एकच, परतीतही लिव्हर धरून उभं राहावं लागतं.

घेताना एक पाहा. याच व्हॉल्व्हचा ‘लॉकवाला’, म्हणजे डिटेंटचा प्रकार असतो. लिव्हर ढकलला की अडकून राहतो, आपणच परत ओढायचा. दुकानदार तो ‘सोयीचा’ म्हणून देतात. पुढच्या चालीला असा लॉक असलेलं यंत्र मी माझ्या अंगणात उभं करणार नाही. हातमोजा पाचर आणि ओंडक्याच्या मध्ये सापडला तर पहिली प्रतिक्रिया हात ओढायची असते, लिव्हर शोधायची नाही.

परतीला आपोआप सुटणारा, खास लाकूडफोडीचा व्हॉल्व्ह

अमेरिकेत घरगुती यंत्रांवर हाच जास्त दिसतो. पुढच्या चालीला लिव्हर धरावा लागतो. मागे ओढला की अडकतो, पाचर टोकाला टेकून प्रेशर चढलं की आपणहून सुटून मध्यावर येतो. तेवढ्यात दोन्ही हात पुढचा ओंडका उचलायला मोकळे. दिवसभर फोडायचं असेल तर हा फरक पैशांत मोजता येणार नाही इतका मोठा आहे.

याचा सुटण्याचा स्क्रू मात्र समजून घ्यावा लागतो. प्रेशर कमी ठेवलं तर पाचर अर्ध्या वाटेतच थांबते, विशेषतः थंडीच्या सकाळी तेल जाड असताना. रिलीफपेक्षा जास्त ठेवलं तर लिव्हर सुटतच नाही, टोकाला जाऊन रिलीफ किंचाळत राहतो. आधी प्रेशर गेज लावून रिलीफ बसवायचा, मग तेल गरम झाल्यावर हा स्क्रू. तरीही अर्ध्यात सुटत असेल तर स्क्रू पिळण्याआधी परतीचा होज, म्हणजे तेलाची नळी, पाहा, तो बारीक असण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट जिवाशी आहे. लॉक ज्या पोर्टचा (होज जोडायच्या तोंडाचा), तो पोर्ट रॉडच्या बाजूलाच जोडला पाहिजे. दोन होज उलटे लागले तर लॉक पुढच्या चालीला येतो, आणि यंत्र तरीही ‘चालतं’, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

बाहेरून मागवलेल्या या व्हॉल्व्हचे आटे अनेकदा एनपीटी किंवा एसएई या अमेरिकी मापांचे असतात, आपल्याकडचं सामान बहुतांशी बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. अर्ध्या इंचाला बीएसपी आणि एनपीटी दोन्हींत इंचाला १४ आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने बसतात. कोन मात्र एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेफ्लॉन टेप गुंडाळून दाबून बसवलं की गळतं, आणखी आवळलं तर बॉडीला चीर जाते. वर टेपचे धागे स्पूलमध्ये जाऊन अडकतात ते वेगळंच. सरळ ॲडॅप्टर करून घ्या. बीएसपीच्या सरळ आट्यावर डाउटी वॉशर (आत रबरी कडा असलेला धातूचा वॉशर), टेप नको.

सोलेनॉइड आणि बटणं

इथे लिव्हरऐवजी विजेची कॉइल स्पूल सरकवते. पॉवरपॅक, म्हणजे मोटर-पंप-टाकीचा तयार संच, बनवणारे हेच सुचवतात, कारण त्यांच्या शेल्फवर तेच असतं. दिसायला रुबाबदार. याचा खरा फायदा सुरक्षेचा आहे: दोन बटणं लांब-लांब लावून दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पाचर पुढे जाणार नाही अशी वायरिंग करता येते. युरोपच्या ईएन ६०९-१ या मानकात दोन हातांच्या नियंत्रणाची कल्पना आहे ती याचसाठी. पण स्वच्छ तेल, बरं फिल्टर, कंट्रोल पॅनेल आणि ते समजणारा माणूस, एवढं सगळं मागोमाग येतं. एसी कॉइलचा तर स्वभावच असा की स्पूल अर्ध्यात अडकला तर कॉइल जळते. घ्यायचाच तर २४ व्होल्ट डीसी घ्या.

शिवाय मधल्या स्थितीचा घोळ. रेक्सरॉथ या जर्मन कंपनीच्या पद्धतीत ‘ई’ स्पूल म्हणजे मध्यावर सगळं बंद, ‘जी’ म्हणजे पंपाचं तेल टाकीला आणि सिलिंडर बंद, ‘एच’ म्हणजे सगळं एकमेकांत उघडं. गिअर पंपाला ‘जी’ चालतो, ‘एच’ही चालेल. ‘ई’ बसवला आणि पंपाला सुटायची दुसरी वाट ठेवली नाही, तर तुम्ही चहा पीत असतानाही पंप पूर्ण प्रेशरवर रिलीफमधून ओरडत असतो. लिव्हर व्हॉल्व्ह घेतानाही ‘ओपन सेंटर’, म्हणजे मध्यावर पंपाचं तेल टाकीला मोकळं, हा शब्द उच्चारून घ्या.

जुन्या बाजारातला

जेसीबीचा, फोर्कलिफ्टचा, पलटी नांगरासाठी ट्रॅक्टरला लावलेला दोन लिव्हरचा डिस्ट्रिब्युटर, काहीही मिळतं. दुसरा स्पूल रिकामा राहिला तर त्याचे पोर्ट प्लग करून ठेवता येतात. स्पूल ओढून तिरप्या उजेडात पाहा, नख अडेल असा ओरखडा असला तर सोडून द्या. थोडी अंतर्गत गळती प्रत्येक स्पूल व्हॉल्व्हला असतेच. आडव्या यंत्रात सिलिंडरला भार धरून ठेवायचा नसतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. म्हणूनच कुणी पायलट चेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमधलं तेल अडवून भार धरणारा) गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. मोठ्या मशीनवरचा व्हॉल्व्ह क्लोज्ड सेंटर (मध्यावर पंपाची वाट बंद) असण्याची शक्यता मात्र तपासा, तो तुमच्या गिअर पंपाला जमणार नाही.

मापाबद्दल

मध्यावर असतानाही तेल व्हॉल्व्हमधून फिरतच असतं. ४० लिटर तेल १५ बारचा अडथळा ओलांडत असेल तर ४० गुणिले १५ भागिले ६०० म्हणजे १ किलोवॉट, सगळी उष्णता. बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकीत सोडून ठेवल्यासारखंच. म्हणून दोन टप्प्यांच्या पंपाला ८० लिटरचा व्हॉल्व्ह आणि टाकीकडे जाणारा होज पाऊण इंची. मोठा घेतल्याने नुकसान इतकंच की तो थोडा जड असतो.

आता निवड. वर्षातून आठ-दहा दिवस, एकच माणूस, साधा पंप: ४० लिटरचा, दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा मोनोब्लॉक, आणि उरलेल्या पैशात ग्लिसरीन भरलेला २५० बारचा गेज. दोन टप्प्यांचा पंप आणि ढीगभर लाकूड: परतीला सुटणारा व्हॉल्व्ह, मात्र ॲडॅप्टर आधी हातात घेऊनच. यंत्र भाड्याने देणार असाल, वखारीत मजूर बदलत राहणार असतील, तर सोलेनॉइड आणि दोन बटणं, कारण तिथे तुमच्या सूचना ऐकायला रोज वेगळे कान असतात. भावाच्या यंत्रावर आधी पहिला होता. पंप बदलला तेव्हा दुसरा आला, तोही ८० लिटरचा.

बसवल्यावर ओंडका न ठेवता पाचर पुढे सोडा आणि मधेच लिव्हरवरून हात काढा. जागीच थांबली पाहिजे. थांबली नाही तर मोटर बंद करा, लिव्हर दोन-चारदा हलवून प्रेशर उतरवा आणि मगच होज कुठे जोडलेत ते पाहा. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. १५० बारची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते, आणि वरून टाचणी टोचल्याइतकंच दिसतं.