प्रीसीड की किकस्टार्ट? बूटलोडरला डिस्क सापडत नाही तेव्हा काय होतंय ते बघा

कॉलेजची लॅब असूदे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचं ऑफिस असूदे नाहीतर खानापूरकडचं हायस्कूल, प्रत्येक मशीनपुढं बसून हाताने लिनक्स घालायचं नाही हे एकदा ठरलं की प्रश्न एकच उरतोय, डेबियन घेऊन प्रीसीड लिहायचं का अल्मा किंवा फेडोरा घेऊन किकस्टार्ट. डेबियन, अल्मा, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार, आणि प्रीसीड, किकस्टार्ट म्हणजे त्यांचं इन्स्टॉल आपोआप व्हावं म्हणून आधी लिहून ठेवायच्या फाइली. मी दोन्ही वापरलंय, अजूनही गरजेप्रमाणे वापरतोय. पॅकेजची यादी, युजर, टाइमझोन, पोरांसाठी मराठी आणि कन्नड दोन्ही फॉन्ट, हे सगळं दोन्हीकडं नीट होतंय, त्यात निवडण्यासारखं काही नाही. फरक पडतो तो डिस्कवर, आणि नेमकं तेच कुणी आधी सांगत नाही.

आपल्याकडं लॅबमध्ये एकसारखी मशीनं कुठं मिळतात? काही सेकंडहँड, जुन्या बायोसवाली (मशीन चालू करायची जुनी पद्धत), काहींत नंतर साटा एसएसडी घातलेली, काही नवीन, एनव्हीएमई म्हणजे आणखी वेगवान एसएसडीवाली. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, एकावर जी डिस्क एसडीए ती दुसऱ्यावर एसडीबी, तिसऱ्यावर नावच वेगळं. त्यात पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल लावलं की बऱ्याचदा पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसतो, कार्ड रीडरचे रिकामे स्लॉटसुद्धा एखादं अक्षर अडवतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्क जशा सापडतील तशी नावं देत जातोय, पुढच्या बूटला तोच क्रम राहील याची खात्री नाही.

आता प्रीसीड. ही फाइल म्हणजे इन्स्टॉलर जे प्रश्न विचारणार त्यांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं. ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, कुठं घालायचं याचं उत्तर बूटडेव्ह नावाच्या ओळीत द्यायचं असतं, आणि डेबियनच्या स्वतःच्या नमुना फाइलमध्येच लिहिलंय की पेनड्राइव्हमुळं मुख्य डिस्क कुठली हे खात्रीने ठरवता येत नाही म्हणून ती तुम्हीच सांगा, तिथं डिफॉल्ट असंही लिहिता येतंय पण मुख्य डिस्क पेनड्राइव्ह नसेल हे गृहीत धरून. म्हणजे अडचण त्यांनाही माहीत आहे, लपवलेली नाही, हे मला आवडतं. पण मला खरा त्रास झाला तो वेगळाच. डेबियनचा इन्स्टॉलर ग्रबचं काम अगदी शेवटी करतो. पार्टिशन झालं, बेस सिस्टिम झाली, डेस्कटॉपसकट सगळी पॅकेजं उतरली, आणि मग निळ्या स्क्रीनवर प्रश्न, ग्रब कुठं घालू. तालुक्याच्या शाळेत नेट सावकाश, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, आणि एवढं सगळं होईपर्यंत थांबून तुम्हाला कळणार की डिस्कचं नाव चुकलंय. त्याहून वाईट म्हणजे काही विचारलंच नाही आणि ग्रब गुपचूप पेनड्राइव्हवर गेलं तर, कारण पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत मशीन छान चालू होतंय, तो काढून पुढच्या मशीनला लावला की हे मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ असं दाखवून उभं. हे जुन्या बायोस मोडचं बोलतोय हां, यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीत, ग्रब ईएफआय पार्टिशनमध्ये जातंय, तिथं हा प्रश्न येत नाही.

किकस्टार्टचा इन्स्टॉलर, ॲनाकोंडा, डिस्कचा हिशोब आधी करतो. इग्नोअरडिस्कच्या ओळीत फक्त अमुकच डिस्क वापर असं सांगितलं आणि ती डिस्क मशीनमध्ये नसेल तर काहीही पुसायच्या आधी सरळ सांगतो की ही डिस्क नाही, आणि तिथंच थांबतो. बूटलोडरसाठी योग्य जागा नसली तरी पॅकेजं उतरायच्या आधीच कळतंय. ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल चाललंय तो पेनड्राइव्ह तो स्वतःहून बाजूला ठेवतोय. शिवाय डिस्कचं नाव बाय-आयडीच्या, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळखीच्या, पद्धतीने देता येतंय, त्यात स्टार टाकून सगळ्या साटा डिस्क अशी ओळखसुद्धा चालते. तेही नको असेल तर इन्स्टॉलच्या आधी चालणाऱ्या प्री स्क्रिप्टमध्ये एलएसबीएलके या डिस्कांची यादी देणाऱ्या कमांडने यूएसबी सोडून उरलेली पहिली डिस्क शोधायची, तिचं नाव एका छोट्या फाइलीत लिहायचं आणि ती फाइल मुख्य फाइलीत इन्क्लूड करायची, की एकच फाइल सगळ्या मशीनांना पुरते.

प्रीसीडमध्येही असं करता येतं, नाही असं नाही. पार्टमनच्या, म्हणजे इन्स्टॉलरच्या पार्टिशन करणाऱ्या भागाच्या, अर्ली कमांडमध्ये लिस्ट-डिव्हाइसेसने डिस्क शोधून तेच नाव बूटडेव्हलाही द्यायचं. फक्त तिथला शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, बिझीबॉक्सचा छोटेखानी, हत्यारं मोजकीच, त्यामुळं पेनड्राइव्ह वगळायला सिस-ब्लॉक फोल्डरमध्ये जाऊन डिस्क रिमूव्हेबल, म्हणजे काढता येणारी, आहे का ते बघत बसावं लागतंय. ज्यांना शेलची सवय आहे त्यांना हे जड नाही.

किकस्टार्टची एक गोष्ट मात्र जपून. क्लिअरपार्ट ऑल, म्हणजे सगळी पार्टिशनं पुसा, असं लिहिलं आणि इग्नोअरडिस्क लिहिलं नाही तर मशीनमधल्या सगळ्या डिस्क पुसल्या जातात. ऑफिसच्या मशीनमध्ये दुसऱ्या डिस्कवर टॅलीचा डेटा असतो, तो गेला की परत येत नाही. प्रीसीड इथं सुरक्षित वाटतं, दोन डिस्क दिसल्या आणि तुम्ही सांगितलं नसेल तर ते विचारतं.

आणि मशीनं फारच जुनी असतील तर डेबियनच घ्या. अल्मा ज्याच्यावर बेतलंय त्या रेड हॅटने 8 पासून बऱ्याच जुन्या रेड कार्डांचे (अनेक डिस्क एकत्र जोडणारी RAID कार्डं) ड्रायव्हर काढून टाकलेत, अल्माने 8.10 आणि 9.4 पासून त्यातले काही परत घातलेत, पण ड्रायव्हर नसला की डिस्क दिसतच नाही आणि वेगळी ड्रायव्हर डिस्क शोधावी लागते. रेड हॅट 10 ला तर प्रोसेसरही बराच नवा लागतो, साधारण 2013 च्या आधीचा इंटेल चालत नाही.

उबंटू सर्व्हरचं ऑटोइन्स्टॉल पण बरं आहे, पण काही सांगितलं नाही तर ते सगळ्यात मोठी डिस्क निवडतं, म्हणजे एसएसडीच्या जोडीला मोठी हार्डडिस्क असली की सिस्टिम हार्डडिस्कवर. डिस्क निवडायच्या मॅच ओळीत एसएसडी सांगायला विसरू नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर वेगवेगळी मशीनं आणि पेनड्राइव्ह असेल तर मी किकस्टार्टकडं जातो, तुमची सगळी मशीनं सारखी असतील किंवा नेटवर्कवरून बूट करणार असाल तर प्रीसीडने काही बिघडणार नाही. कुठलंही घ्या, पहिल्या मशीनवर पेनड्राइव्ह काढून एकदा बूट करून बघा, आणि अडलं तर डेबियनमध्ये ऑल्ट-एफ4 वर लॉग दिसतोय, ॲनाकोंडात टेम्प फोल्डरमधली स्टोरेज डॉट लॉग फाइल आधी उघडा, डिस्क का नाकारली ते बहुतेक त्यातच सापडतं.