सीपीयू दोन, फ्यूज एक: रिडंडंट पीएलसीचा एका हंगामाचा अनुभव

नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडली तेव्हापासून मार्चात गाळप संपून पट्टा पडेपर्यंत बॉयलरवरचा नवा रिडंडंट पीएलसी वापरून झाला. पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक; रिडंडंट म्हणजे त्याला सीपीयू दोन, प्रायमरी बंद पडला तर स्टँडबाय ताबा घेतो. साखर कारखाना कोल्हापूर भागातला, मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. मेकचं नाव घेत नाही, कारण सांगायचंय ते कुठल्याही मेकला लागू पडेल.

सीपीयूबद्दल तक्रार नाही. चालू बॉयलरवर प्रायमरीचा सप्लाय काढला, स्टँडबायनं ताबा घेतला, ड्रम लेव्हलच्या (बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या) ट्रेंडवर ओरखडासुद्धा नाही. चीफ इंजिनिअर साहेब म्हणाले, "नाद खुळा!" आम्ही खूश.

जानेवारीत रात्रपाळीला बॉयलर ट्रिप, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद. दोन्ही सीपीयू हिरवे दिवे लावून मजेत. ड्रम लेव्हल मोजायला तीन ट्रान्समीटर, तीनपैकी दोनचं व्होटिंग, म्हणजे दोघं सांगतील ते खरं; पण तिन्ही एकाच अ‍ॅनालॉग इनपुट कार्डावर आणि तिघांचे २४ व्होल्टही एकाच फ्यूजवरून. त्याच फ्यूजवर एक लेव्हल स्विच होता. धुताना त्याच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलं, फ्यूज उडाला आणि एरवी ४ ते २० मिलिअँपियरमध्ये असणारे तिन्ही सिग्नल एकदम शून्य. लॉजिकनं ट्रिप दिली ती बरोबरच. चूक आमची: आय/ओ (इनपुट-आउटपुट) लिस्ट करताना टॅग ओळीनं टाकत गेलो, १, २, ३. ड्रॉइंगवर सही माझीच. गव्हाण थांबली, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि मी टॉर्च घेऊन पॅनेलमागं.

आता तिन्ही ट्रान्समीटर तीन वेगळ्या रिमोट आय/ओ स्टेशनांत (सीपीयूपासून लांब बसवलेल्या, नेटवर्कनं जोडलेल्या कार्डांच्या संचांत) आहेत, प्रत्येक लूपला स्वतःचं फ्यूज टर्मिनल. करंट ३.६ मिलिअँपियरच्या खाली किंवा २१ च्या वर गेला की तो सिग्नल बाद, उरलेल्या दोघांवर काम चालतं.

आउटपुटचं दुखणं वेगळं. डिजिटलला दोन कार्डांची आउटपुट डायोडमधून एकत्र आणता येतात. ४-२० मिलिअँपियरला तसं केलं तर दोन्हींच्या करंटची बेरीज होते, व्हॉल्व्ह भलतीकडंच जाऊन बसणार. म्हणून फीड वॉटरचा (ड्रमला पाणी देणारा) व्हॉल्व्ह अजून एकाच चॅनेलवर आहे. पण एक सेटिंग मात्र जरूर बघा: स्टेशनचा संपर्क तुटला तर आउटपुटनं काय करायचं? आमच्याकडं ते मुळात शून्यावर होतं. बगॅस फीडरला शून्य ठीक, जाळ कमीच व्हायला हवा. फीड वॉटरला शून्य म्हणजे ड्रम कोरडा पडायची वाट, तिथं शेवटचं मूल्य धरून ठेवायला लावलं. अर्थात कार्डच मेलं तर या सेटिंगचा उपयोग नाही, मग हवेवर चालणारा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर कुठं जातो ते महत्त्वाचं.

स्टेशनं जोडणाऱ्या नेटवर्कच्या रिंगचीही गंमत आहे. एमआरपी (रिंग तुटली तर दुसरी वाट देणारा प्रोटोकॉल) असलेली रिंग तुटल्यावर वाट बदलायला २०० मिलिसेकंदांपर्यंत घेऊ शकते. वॉचडॉग (इतका वेळ उत्तर आलं नाही तर स्टेशन गेलं असं धरायची मर्यादा) त्याहून कमी ठेवला तर रिंग वाचते, पण आय/ओ स्टेशनं गळतात. कमिशनिंगला केबल उपटून बघितली म्हणून कळलं.

आमची स्टेशनं एस२ प्रकारची: इंटरफेस मॉड्यूल एकच, ते दोन्ही सीपीयूंशी बोलतं. तेच गेलं तर त्यामागची सगळी कार्डं गेली. दोन इंटरफेसची आर१ स्टेशनं निदान बॉयलरपुरती तरी घ्यावीत म्हणून मागणी टाकलीय. परचेसवाल्यांचा पहिला प्रश्न, "दोन सीपीयू घेतलायसा की, आता आणि काय पाहिजे?"