भांडण एक नंबर, पोहे ठीकठाक: जळगावातलं बेसबॉलवालं नाष्टा सेंटर (साडेतीन स्टार)

पोहे ठीकठाक आहेत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नुसतं खायला म्हणून कोणी गावाच्या दुसऱ्या टोकावरून गाडी काढून येऊ नका. कांदा कमी, शेव भरपूर, लिंबू मागितलं तरच मिळतं. मिसळ बरी. मूगभजी मात्र खरंच भारी, कढईतून निघाल्या निघाल्या मिळाली तर, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. पण रिव्ह्यू लिहायचं कारण खाणं नाहीच. सकाळी सव्वासातला जळगावात बसून टीव्हीवर अमेरिकेतलं बेसबॉल बघायचं आणि वर घसा बसेपर्यंत त्यावर भांडायचं, अशी सोय मला तरी दुसरीकडे कुठे माहीत नाही.

नाव टाकत नाही. मालक म्हणजे नाना, त्यांनीच बजावलंय, "लिही भो, पण नाव नको टाकू, गर्दी झाली का मंग नेहमीच्या पोरायले बसाले जागा नही." क्रीडा संकुलाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये सकाळी चक्कर मारा, ज्या दुकानातून भज्यांचा वास आणि इंग्रजी कॉमेंट्री एकदम येते तेच.

पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, जळगावात बेसबॉल कुठून आलं बुवा. अरे इकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळतात, पोरं-पोरी दोघं, कोणी आवडीने, कोणी सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे डोळा ठेवून. ज्याने सॉफ्टबॉल खेळलंय त्याला बेसबॉल समजावून सांगावं लागत नाही, बॉल लहान आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, वरून टाकतो एवढाच काय तो मोठा फरक. तर इथलं गिऱ्हाईक म्हणजे प्रॅक्टिस आटपून ग्लव्हज टेबलावर टाकणारी पोरं, एक रिटायर्ड पीटीचे सर, रावेरकडचे एक केळीवाले आप्पा जे कामाने जळगावला आले की इथे टेकतातच, आणि एक दादा जो पुण्यातल्या कंपनीचं काम घरून रात्रपाळीत करतो आणि शिफ्ट संपली की लॅपटॉप काखेत मारून इथे येतो. सबस्क्रिप्शन त्याचंच आहे, एमएलबी टीव्हीचं (एमएलबी म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची मोठी लीग), लॅपटॉपची वायर नानांच्या टीव्हीला लावली की झालं.

आता या दुकानाला खरा रंग चढला तो राफाएल डेव्हर्सच्या ट्रेडपासून, म्हणजे त्याच्या टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं तेव्हापासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेव्हर्स हा बोस्टन रेड सॉक्सचा स्टार बॅटर, डोमिनिकन रिपब्लिकचा, २०१८ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेल्या टीममधला, ज्याच्याशी बोस्टनने २०२३च्या जानेवारीत १० वर्षांचा ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला होता, म्हणजे आपले अडीच हजार कोटींच्या पुढेच. आणि १५ जून २०२५ला, सिझन अर्ध्यावर पण आला नव्हता, त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवून दिलं. बरं दिवस कोणता, तर ज्या दिवशी बोस्टनने जुन्या वैऱ्याला, न्यूयॉर्क यँकीजला, घरच्या ग्राउंडवर तिन्ही मॅच हरवून सिरीज संपवली आणि याने त्या शेवटच्या मॅचमध्ये होमरन (बेसबॉलचा सिक्सर) पण मारला होता. संध्याकाळी ट्रेड! आपल्याकडे सोमवारची सकाळ. त्या दिवशी नानांकडे जो गोंधळ होता तो मी शब्दात नाही सांगू शकत, लोकं चहा घ्यायचा विसरले.

आणि यात दुकानाचा डायरेक्ट फायदा झाला, ही गोष्ट बाहेर कोणाला सुचणार नाही. बोस्टनची रात्रीची मॅच तिकडच्या सात दहाला सुरू होते, म्हणजे आपल्या पहाटे चार चाळीसला, तेव्हा नानांचं शटर बंद, तेल थंड. डेव्हर्सप्रेमी मंडळी घरी रजईत मोबाईल बघून मग इथे यायची आणि शिळ्या मॅचवर बोलायची. सॅन फ्रान्सिस्कोची मॅच तिकडे पावणेसातला, आपल्याकडे सव्वासातला. म्हणजे बरोबर नाष्ट्याच्या टायमाला लाइव्ह! जून-जुलैमध्ये नानांचा चहा किती खपला असेल विचार करा. तरी नाना म्हणतात, "मालकना पैसा वाचनात, त्या पोऱ्यानं जे व्हयनं ते व्हयनं, आपलं काय?"

नाना मुद्द्याचं बोलले तसे. उरलेल्या कराराचे २५ कोटी डॉलरच्या वरचे पैसे जायंट्सने स्वतःच्या अंगावर घेतले. बदल्यात बोस्टनला काय मिळालं तर जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे दोन पिचर, जेम्स टिब्स नावाचा मायनर म्हणजे खालच्या लीगमधला आउटफिल्डर आणि होजे बेयो नावाचा अजून एक कोवळा पिचर. आप्पा सुरुवातीला बोस्टनच्या बाजूने होते, भाव चढलाय तोवर माल काढावा, उद्या बाजार पडला की व्यापारी फोन उचलत नाही. मग त्यांना कोणीतरी ही चार नावं वाचून दाखवली तर आप्पा म्हणे मंग हा काय भाव चढेल होता का, हा तर कटतीचा भाव झाला. आणि पुढे झालं पण तसंच ना, टिब्सला तर बोस्टनने जुलै संपता संपताच लॉस एंजेलिस डॉजर्सकडे देऊन टाकलं, डस्टिन मे नावाच्या पिचरसाठी.

पण इथलं भांडण पैशावर फार वेळ टिकत नाही, ते कायम येऊन अडकतं थर्ड बेसवर, म्हणजे तिसऱ्या बेसजवळच्या फिल्डिंगच्या जागेवर. झालं असं होतं की फेब्रुवारीत बोस्टनने अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणला, तो पण थर्ड बेसवाला, आणि डेव्हर्सला सांगितलं तू आता फिल्डिंग करू नको, फक्त बॅटिंग कर, म्हणजे डीएच. तो आधी चिडला, थर्ड बेस माझी जागा आहे म्हणाला, मग ऐकलं. सिझनच्या पहिल्या पाच मॅचमध्ये १५ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट) झाला, लोकांनी धुतला, मग परत फॉर्मात आला. मे महिन्यात फर्स्ट बेसवाल्या ट्रिस्टन कॅसासचा गुडघा गेला तेव्हा मॅनेजमेंट परत याच्याकडे, की आता जरा फर्स्ट बेस खेळ. याने सरळ नाही सांगितलं. टीमचे मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन भेटले त्याला. महिनाभरात ट्रेड.

पीटीचे सर यावर एकदम कडक. टीम म्हणते तिथे उभं राहायचं, एवढे पैसे घेतो तर झाडू मारायला सांगितलं तरी मारायचा, आमच्या वेळी वगैरे वगैरे. दादा म्हणतो सर, करार केला तेव्हा तू आमचा थर्ड बेसमन म्हणून केला, मग न विचारता दुसरा आणून बसवला, चूक कोणाची? यात एक कॉलेजची पोरगी आहे, स्वतः थर्ड बेसला खेळते, ती एरवी कमी बोलते, पण एक दिवस तिने जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. ती म्हणाली, सर तुम्ही म्हणता तसं नुसतं दोन पावलं इकडून तिकडे नसतं ते. थर्डला बॉल अंगावर येतो, उचलायचा आणि फेकायचा, हात चालतो. फर्स्टला दर दुसरा थ्रो तुमच्याकडे येणार, पाय बेसला लावून अंग ताणायचं, ग्लव्ह पण वेगळा, खालून आलेला टप्पा काढता आला नाही तर दुसऱ्याची चूक तुमच्या नावावर दिसते सगळ्यांना. आणि ते सिझन चालू असताना, अख्ख्या देशासमोर शिकायचं. सर गप्प बसले नाहीत, पण आवाज खाली आला एवढं नक्की.

मग जुलै अखेरीला डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोकडून चक्क फर्स्ट बेसला उभा! झालं, सरांना कोलीत मिळालं. बघा बघा, तिकडे खेळतो, म्हणजे येत होतं, बोस्टनला नाटकं करत होता. मला विचाराल तर उलटंच सिद्ध होतं यातून, जिथे आधी नीट बसून विचारलं आणि सरावाला वेळ दिला तिथे माणूस करतो की. बोस्टनला तो नको नव्हता, त्यांना त्याच्याशी बोलता आलं नाही, आणि ही गोष्ट मी तिथे रोज म्हणतो आणि रोज कोणीतरी मला ८९ हा आकडा तोंडावर मारतं. कारण डेव्हर्स गेल्यावर बोस्टन काही बुडाली नाही, सिझन संपला तेव्हा ८९ विजय, वाइल्डकार्डमधून, म्हणजे गटात पहिलं न येता, प्लेऑफमध्ये. जायंट्स ट्रेडच्या दिवशी ४१-३१ होते, संपले ८१-८१ वर, प्लेऑफ नाही, वर मॅनेजर बॉब मेल्विनला पण घरी पाठवलं. आता यावर माझ्याकडे उत्तर आहे, की बोस्टन वाइल्डकार्डमध्ये यँकीजकडूनच तीन मॅचमध्ये हरून बाहेर गेली, आणि तिथे डेव्हर्ससारखा एक लेफ्टी, म्हणजे डावखुरा, पॉवरवाला बॅटर असता तर? पण "असता तर"ला नानांच्या दुकानात भाव नाही. आणि तो ब्रेगमन, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं, तो सिझन संपल्यावर करारातून बाहेर पडला आणि पुढे शिकागो कब्जकडे गेला. हे ऐकल्यावर मात्र सर पण हसले.

आकड्यांवरून अजून एक. डेव्हर्सने बोस्टनकडून ७३ मॅच आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून ९० अशा १६३ मॅच खेळल्या, सिझन असतो १६२चा. आप्पा मानायलाच तयार नाहीत, हे कसं शक्य आहे म्हणे, मग दादाने बिलाच्या मागे बेरीज करून दाखवली की बाबा ट्रेडच्या दिवशी जायंट्सची एक मॅच मागे होती. ३५ होमरन, १०९ रन बॅटिंगवर आणले, दोन्ही टीम मिळून. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचं ग्राउंड लेफ्टी बॅटरचं दुश्मन, राइटला २४ फुटी भिंत आणि समुद्राकडून येणारी थंड हवा. बॅरी बॉन्ड्सने २००४मध्ये मारल्यानंतर तिथल्या कोणी एका सिझनला ३० होमरन मारायला २०२५ उजाडलं, आणि ते पण विली अ‍ॅडेमसने, डेव्हर्सने नाही. बोस्टनला याची मजा होती, लेफ्टला ३७ फुटी हिरवी भिंत, उलट्या दिशेला ढकलला की बॉल भिंतीवर आपटायचा, हा निवांत सेकंड बेसला.

नवीन पोरं आयपीएल काढतातच मध्ये. संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि जडेजा, सॅम करन राजस्थानला, २०२५च्या नोव्हेंबरात, तेव्हा हेच टेबल आणि हेच आवाज. पण तेव्हा सिझन चालू नसतो आणि खेळाडूला विचारावं लागतं. बेसबॉलमध्ये बॅग भरा आणि निघा. करारात तसं कलम असेल तरच नाही म्हणता येतं, किंवा लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ सलग त्याच टीमकडे झालेली असली तर. डेव्हर्स २०१७ला आलेला, म्हणजे १० झालीच नव्हती, आणि कलम पण नव्हतं. सर मग शेवटचं अस्त्र काढतात, बेब रूथ, बेसबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९१९च्या डिसेंबरात बोस्टनने त्याला यँकीजला एक लाख डॉलरला विकला, मग २००४पर्यंत वर्ल्ड सिरीज नाही. आणि २०२०ला मुकी बेट्ससारखा स्टार डॉजर्सला दिला ते वेगळंच. म्हणजे सर बोलतात डेव्हर्सच्या विरोधात आणि उदाहरणं देतात बोस्टनच्या मूर्खपणाची, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही, मीच इथे सांगतोय.

बरं, दुकानाचं. दीड स्टार कुठे कापला? टीव्ही जुना आहे आणि बरोबर पाण्याच्या जारच्या वर लावलाय, जो पाणी घ्यायला उठतो त्याचं डोकं पिचरच्या जागी. नेट नानांचंच आहे, नऊनंतर समोरच्या क्लासची पोरं त्यांचा पासवर्ड वापरतात आणि मॅच फिरत बसते. बाकडी अरुंद. मे महिन्यात पंखा नुसता गरम हवा ढवळतो, पंचेचाळीस डिग्रीत भजी कढईशेजारी बसून खायची हिंमत लागते. चहा गोड, कमी साखरेचा सांगून ठेवला तरी गोडच येणार. भरीत-पुरी फक्त थंडीत मिळते आणि तेच बरोबर आहे, जूनमध्ये भरिताचा आग्रह करू नका, नाना वांगी दाखवून परत पाठवतात. थंडीत तर बेसबॉलचा सिझनपण नसतो, तेव्हा इथे फक्त कोण कुठल्या टीमला जाणार याच्या अफवा आणि भरीत. दुपारी शेवभाजी करतात मावशी, तिखट आहे, रस्सा परत मागितला तर तोंड वाकडं करत नाहीत.

यायचं असेल तर मंगळवार ते शनिवार या. शनिवार-रविवारी तिकडे दुपारच्या मॅच जास्त असतात, त्या आपल्याकडे मध्यरात्री उरकतात, म्हणून रविवार-सोमवारी सकाळी टीव्हीवर बरेचदा रिप्ले किंवा नानांच्या बातम्या. सातच्या आत पोचलात तर पंख्याखालचं बाकडं मिळेल, सरांच्या समोरचं घेऊ नका. गाडी लावायला दुकानासमोर जागा नाही, संकुलाकडे लावून चालत या. मूगभजी साडेआठला संपते.