जुन्या मियाटाच्या गिअरबॉक्सला कुठलं ऑइल आणि डिफला कुठलं: समोरासमोर बघू

सेकंड हँड मियाटा (माझदाची छोटी, दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार) घेतली की पहिल्या महिन्यात प्रत्येकजण ह्या एका प्रश्नाशी येऊन थांबतो, कारण इंजिन ऑइल काय घालायचं ते सगळ्यांना माहीत असतं, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) दुकानात गेलं की एकाच रॅकवर वीस बाटल्या, सगळ्यांवर ७५डब्ल्यू-९० (ऑइलच्या जाडीचा नंबर) लिहिलेलं आणि भावात तिपटीचा फरक. डेट्रॉइटकडे आपली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, दिवसभर ऑफिसात मोठ्या एसयूव्हीची कामं आणि शनिवारी गॅरेजमध्ये ही छोटी जपानी गाडी, आणि तरी ह्या विषयावर दोघांचं एकमत होईल तर शपथ. मी इथे एनबी, मियाटाची दुसरी पिढी, धरून लिहितोय, म्हणजे अमेरिकेत १९९९ ते २००५ मध्ये विकलेली, ५-स्पीडवाली. ६-स्पीडचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. गिअरबॉक्सला जीएल-४ प्रकारचं ७५डब्ल्यू-९०, डिफला जीएल-५ (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा, त्यातल्या केमिकलवरून ठरतो), आणि दोन्हीकडे एकच बाटली ओतायची नाही, माझदाचं मॅन्युअल तशी मुभा देत असलं तरी. हो, मुभा देतं. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्ही चालेल असं आहे, बारमाही ७५डब्ल्यू-९०, आणि हवा १० डिग्री सेल्सियसच्या वर असेल तर ८०डब्ल्यू-९० सुद्धा. डिफला मात्र जीएल-५च, थंडी मायनस १८ च्या खाली जात नसेल तर एसएई ९०, त्याच्या खाली ८०डब्ल्यू.

मग मुभा असताना मी नको का म्हणतोय, तर ह्या दोन डब्यांना ऑइलकडून नेमकं उलटं हवं असतं. डिफमधला पिनियन (छोटा फिरवणारा गिअर) रिंग गिअरच्या (मोठ्या गिअरच्या) मधोमध नसतो, खाली सरकवलेला असतो (हायपॉइड म्हणतात ते), त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत तर लांबीभर घसरतात, ऑइलचा थर पुसला जातो, आणि तिथे गंधक-फॉस्फरसचं केमिकल लोखंडावर पटकन एक बळी जाणारा पापुद्रा तयार करून दात वाचवतं. जीएल-५ मध्ये हे केमिकल जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. गिअरबॉक्समध्ये ह्याची एवढी गरजच नाही. तिथे काम असतं सिंक्रोचं. पितळेची रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाते, रिंगवरच्या बारीक खाचा ऑइल कापून बाजूला काढतात, आणि घर्षणाने दोघांचा वेग एक होतो, मग स्लीव्ह आत सरकते. आता ऑइल फार बुळबुळीत असेल तर रिंग पकडच घेत नाही, तुम्ही दांडा ढकलता, वेग अजून जुळलेला नसतो, आणि दुसऱ्या गिअरला ते ओळखीचं 'खर्रर'.

गंधक पितळ खातं ही भीती खोटी नाही, पण इंटरनेटवर जेवढी रंगवतात तेवढी मोठीही नाही. जुन्या जीएल-५ मध्ये तो त्रास खरा होता, आताच्या बऱ्याच चांगल्या जीएल-५ मध्ये पितळ सांभाळणारी केमिकलं घातलेली असतात. म्हणजे आधीच्या मालकाने जीएल-५ घातलं असेल तर गिअरबॉक्स गेला म्हणून रडत बसू नका, काढा आणि नीट ऑइल भरा. माझा आक्षेप गंजापेक्षा शिफ्टच्या फीलवर जास्त आहे.

आता गिअरबॉक्सचे उमेदवार.

रेड लाइन एमटी-९०. कॅलिफोर्नियातल्या बेनिशियाची कंपनी, ऑइल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, आणि मुद्दाम सिंक्रोला पकड मिळावी म्हणून बनवलेलं. मियाटावाल्यांमध्ये ह्याचं नाव सगळ्यात जुनं. गरम झाल्यावर शिफ्ट मस्त, ट्रॅकवर तासभर मारली तरी फील फारसा बदलत नाही. तक्रार एकच, जानेवारीतल्या सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर हट्टी असतो. ह्याचाच पातळ भाऊ एमटीएल, ७५डब्ल्यू-८० च्या आसपासचा, थंडीत सुटसुटीत, पण मग ९० नाही राहत, मॅन्युअलच्या बाहेर गेलात. काहीजण दोन्ही अर्धं अर्धं मिसळतात, एकाच घराण्यातली ऑइलं असल्यामुळे चालतं, मला स्वतःला ती कॉकटेल करायचा उत्साह नाही.

मोटरक्राफ्टचं फुल सिंथेटिक मॅन्युअल ट्रान्समिशन ऑइल, बाटलीवर एक्सटी-एम५-क्यूएस असा नंबर शोधा, कारण मोटरक्राफ्टचंच डिफसाठीचं ७५डब्ल्यू-९० पण येतं आणि काउंटरवरचा पोरगा हमखास तेच काढून देतो. फोर्डचं ऑइल माझदात कशाला असं वाटेल, तर एकेकाळी माझदात फोर्डचा ३३.४ टक्के वाटा होता, १९९६ सालची गोष्ट, तशी ही मंडळी एका घरातलीच. अर्थात ऑइल चालतं त्याचं कारण नातं नाही, ते सिंक्रोसाठी नीट बनवलंय हे आहे. ५-स्पीडमध्ये माझ्या मते हेच सगळ्यात गोड. थंडीत एमटी-९० पेक्षा लवकर सुटं होतं. वाईट बाजू म्हणजे भाव, आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही, बऱ्याचदा फोर्ड डीलरच्या पार्ट्स काउंटरला जावं लागतं.

मोट्युल गिअर ३००. फ्रेंच, एस्टर बेसचं, आणि बाटलीवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं. ज्यांना खरंच एकच ऑइल दोन्हीकडे हवंय त्यांच्यासाठी हा सगळ्यात सभ्य पर्याय. रेसिंगवाले डोळे झाकून घालतात, पण ते गिअरबॉक्स वर्षाला उघडतात हे विसरू नका. रस्त्यावरच्या गाडीत, सिंक्रो वीस-पंचवीस वर्षं जुने असताना, पकड देणारं ऑइल मला जास्त पटतं.

सिंक्रोमेश म्हणून जी ऑइलं मिळतात, पेनझॉइलचं किंवा जीएमचं, ती पातळ. थंडीत लोण्यासारखी शिफ्ट देतात म्हणून काहीजण ६-स्पीडमध्ये घालतात, कारण ६-स्पीड मुळातच थंडीत जरा अडेल असतो. दिसायला फायदा दिसतो, पण उन्हाळ्यात ट्रॅकवर जाणार असाल तर एवढं पातळ ऑइल त्या बेअरिंगवर ठेवायला माझं मन धजत नाही. फक्त शहरात, फक्त थंड प्रदेशात, तर ठीक.

आणि सुपरमार्केटचं साधं ८०डब्ल्यू-९० जीएल-५. स्वस्त. टेक्सासमध्ये किंवा दक्षिण कॅलिफोर्नियात मॅन्युअलप्रमाणे गिअरबॉक्सला चालूनही जाईल, मिशिगनमध्ये नाही. इथे ते आकडे काय म्हणतात ते बघा. ७५डब्ल्यू म्हणजे मायनस ४० डिग्रीला ऑइल दीड लाख सेंटीपॉइजच्या (जाडी मोजायचं एकक) आत वाहतं राहिलं पाहिजे, ८०डब्ल्यूला तीच परीक्षा मायनस २६ ला. मायनस १५ च्या सकाळी दोन्ही 'पास' असतात, पण एक बरंच जाड असतं आणि ते तुमच्या मनगटाला कळतं. मागचा ९० म्हणजे १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (हेही जाडीचंच एकक), म्हणजे इंजिनच्या १०डब्ल्यू-४० च्या जवळपास जाडी. ९० आकडा बघून 'बापरे केवढं जाड' म्हणणाऱ्यांनो, इंजिनची पट्टी वेगळी आणि गिअरची वेगळी.

इथे थांबून एक गोष्ट, कारण ह्यावर लोकांचे सगळ्यात जास्त डॉलर वाया जातात. शिफ्ट खडबडीत झाली की सगळे ऑइल बदलतात, एक ब्रँड, दुसरा ब्रँड, फरक शून्य. ५-स्पीडमध्ये गिअरच्या दांड्याच्या बुडाशी जो टरेट आहे ना, त्याला स्वतःचं वेगळं ऑइल असतं, गिअरबॉक्समधलं तिथे येत नाही. असतं किती, तर जेमतेम ९० मिली. वरचं लेदर काढा, खालचे दोन रबरी बूट काढा (आतलं बहुतेक फाटलेलंच असतं, वीस वर्षांचं रबर ते), आणि आत बघा. बऱ्याच गाड्यांत ते खोबण कोरडं असतं, तळाला काळा चिखल, आणि दांड्याच्या टोकावरची प्लास्टिकची बुशिंग झिजून एका बाजूला चपटी झालेली. बूट, बुशिंग आणि ९० मिली ऑइल, एवढ्यावर दांडा जो घट्ट होतो तो कुठल्याही महागड्या बाटलीने होणार नाही. म्हणून माझा क्रम असा, आधी टरेट उघडा, मग ब्रँडवर भांडा. आणि ५-स्पीडसाठी ऑइल मागवताना हे ९० मिली धरूनच मागवा.

डिफकडे वळू. इथे चर्चा खरं तर छोटी आहे, कारण डिफ बिचारं नखरे करत नाही. प्रश्न एकच, तुमचं डिफ कुठलं? साधं ओपन, म्हणजे एक चाक घसरलं की सगळी ताकद त्यातच जाणारं, असेल तर कुठलंही नावाजलेलं जीएल-५ घाला आणि विसरा. लिमिटेड स्लिप, म्हणजे तसं होऊ न देता दुसऱ्या चाकालाही ताकद देणारं, असेल तर सुरुवातीच्या एनबीत टॉर्सन, २००२ च्या आसपासपासून फुजीचं कोन-क्लचवालं. कळत नसेल तर मागची दोन्ही चाकं उचला, न्यूट्रल, एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलटं फिरलं तर सहसा ओपन, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप.

टॉर्सनमध्ये क्लच नसतोच, सगळा खेळ गिअरच्या घर्षणाचा, त्यामुळे लिमिटेड स्लिपसाठी जी खास फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं केमिकल) घातलेली ऑइलं मिळतात त्यांची टॉर्सनला गरज नाही, उलट ऑइल जितकं बुळबुळीत तितकी त्याची पकड थोडी कमीच होणार. म्हणून ट्रॅकवाले रेड लाइनचं ७५डब्ल्यू-९० एनएस घेतात, एनएस म्हणजे मॉडिफायर नसलेलं. मोबिल वनचं एलएस हे मॉडिफायरसकट येतं, टॉर्सनला त्याने काही बिघडत नाही, रस्त्यावर तुम्हाला फरक कळणारही नाही. फुजीवाल्यांनी साध्या जीएल-५ ने सुरुवात करावी, पार्किंगमध्ये हळू वळताना मागून गुरगुर किंवा कटकट यायला लागली तर मग एलएस घालावं. आधीच घालून ठेवायची गरज नाही.

सिंथेटिक की साधं? डिफमध्ये साधं ८०डब्ल्यू-९० मॅन्युअलला मान्य आहे आणि रोजच्या वापराला पुरतं. फक्त ट्रॅक किंवा फारच कडक थंडी ह्या दोन कारणांसाठी मी सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० वर पैसे टाकेन. म्हणजे गिअरबॉक्सवर खर्च करा, डिफवर वाचवा. लोक नेमकं उलटं करतात, डिफला सोन्याचं पाणी आणि गिअरबॉक्सला उरलंसुरलं.

बाटल्यांचा हिशोब मात्र वैताग आहे. ५-स्पीडला २ लिटर, ६-स्पीडला १.७५, डिफला १ लिटर. अमेरिकन बाटली क्वार्टची, म्हणजे ०.९४६ लिटर. म्हणजे ५-स्पीडला दोन बाटल्या घालून थोडंसं कमीच पडतं, तिसरी फोडावीच लागते (टरेटचं ऑइल त्यातूनच), आणि डिफला एका बाटलीत कागदावर थोडंसं कमी. मोट्युल लिटरमध्ये मिळतं, तिथे तो फायदा आहे. जुनी १.६ इंजिनवाली एनए, म्हणजे पहिली पिढी, असेल, १९९३ पर्यंतची, तर तिचं डिफ लहान, ०.६५ लिटर, तिथे एक क्वार्ट भरपूर.

आता तुम्ही कोण त्यावर ठरवा. बर्फात पण गाडी चालवता, ऑफिसला नेता: मोटरक्राफ्ट गिअरबॉक्सला, डिफला सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०. उन्हाळ्यापुरती बाहेर काढता आणि महिन्या-दोन महिन्यातून ऑटोक्रॉस (मोकळ्या पार्किंगमध्ये कोन लावून घड्याळाविरुद्धची शर्यत): एमटी-९०, डिफला साधं ८०डब्ल्यू-९० पण पुरे. पक्के ट्रॅकवाले: एमटी-९० आणि टॉर्सन असेल तर एनएस, आणि सीझनला एकदा बदला, ब्रँडपेक्षा ते जास्त महत्त्वाचं. ६-स्पीड आणि कडाक्याची थंडी: आधी मोटरक्राफ्ट करून बघा, नाहीच जमलं तर एमटीएल. आणि बजेट अगदीच टाईट असेल तर गिअरबॉक्सला मिळेल ते जीएल-४ ७५डब्ल्यू-९० घ्या, नाव कुठलंही चालेल, फक्त त्यावर 'जीएल-४' सरळ लिहिलेलं हवं. 'जीएल-४ च्या जागी वापरता येईल' असं बारीक अक्षरात असेल तर ती बहुतेक जीएल-५ ची बाटली असते.

स्वतः करणार असाल तर वरचं, म्हणजे भरायचं बूच आधी सोडवा, मगच खालचं. उलट केलंत आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवरच. गाडी चारही स्टँडवर सपाट पाहिजे, नुसती पुढून उचलून भरलं तर लेव्हल चुकीचीच येणार, भोकातून ओघळायला लागलं की थांबायचं हे सपाट असेल तरच खरं. बाटलीचं टोक खाली त्या बोळकांडीत बसत नाही, हातपंप आणा किंवा इंजिन बेमधून लांब नळी खाली सोडून वरून फनेलने ओता, थंडीत ऑइल घरात ठेवून कोमट केलं तर निम्म्या वेळात होतं. बुचाच्या मॅग्नेटवर करडा चिखल असेल तर पुसून टाका, ते नॉर्मल, पण बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर ऑइलचा विषय बाजूला ठेवून मेकॅनिककडे. डिफच्या जुन्या जीएल-५ ला सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो कपड्यातून जात नाही, टाकाऊ टी-शर्ट घालूनच खाली शिरा. काढलेलं ऑइल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या, बहुतेक मोठ्या दुकानांत फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट किंवा ब्रेक फ्लुइड मिसळलेलं नको, मग परत करतात.