प्रोसेसरची पिन वाकलीये की तुटलीये? घरी करायचं की रिपेअरवाल्याकडे द्यायचं, सगळ्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून

प्रोसेसर उलटा केला आणि एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झोपलेल्या दिसल्या की पोटात गोळा येतो, मी त्यातून गेलोय. कूलर सरळ वर ओढला, आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून घट्ट झालेली, सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसायच्या जागेचा, लिव्हर बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर आला आणि अकरा पिना वाकल्या. त्यातल्या दहा सरळ झाल्या, एक तुटली. ती पडल्यामुळे नाही तुटली, मी तीच पिन आधी चिमट्याने, मग सुईने, मग परत चिमट्याने पुढेमागे केली म्हणून तुटली. तार हाताने मोडायची असली की आपण नेमकं हेच करतो ना, दोन-चार वेळा इकडून तिकडे वाकवतो, धातू दर वाकवण्याला कडक होत जातो आणि मग सुटतो. म्हणून पद्धत निवडताना मी एकच गोष्ट बघतो, कमीत कमी हालचालीत पिन सरळ कशाने होते. हत्यार किती भारी आहे याला फारसा अर्थ नाही.

पण त्याच्याआधी तुमच्या पिना आहेत कुठे ते बघा, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. एएमडीच्या एएम४ या सॉकेटपर्यंतच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरना पिना प्रोसेसरवरच असतात, एएम४ ला १३३१. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणलं तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या खाली नुसते सपाट ठिपके असतात आणि पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये, आणि २०२२ पासून एएमडीचं एएम५ पण तसंच, तिथे १७१८. प्रोसेसरवरची पिन म्हणजे सरळ उभा खांब असतो, सॉकेटमधली पिन म्हणजे बारीक तिरकी स्प्रिंग. खांब सरळ करणं आणि स्प्रिंगला परत तिच्या मूळ तिरकेपणात आणणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत, एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

आधी खांबवाल्यांचं बघू, कारण घरी सगळ्यात जास्त जमण्यासारखं तेच आहे.

क्लच पेन्सिल, ०.५ किंवा ०.७ वाली, शिसं पूर्ण काढून टाकलेली, ही माझी पहिली पसंती. पुढची धातूची नळी पिनेवर टोपीसारखी चढवायची, खालपर्यंत जाऊ द्यायची आणि पेन्सिल सावकाश उभी करायची. फायदा असा की जोर पिनेच्या टोकावर न येता मुळापासून वरपर्यंत सारखा बसतो, आणि एकाच हालचालीत काम होतं. शिशाचा चुरा मात्र नीट झटकून घ्या, ग्राफाइटमधून करंट जातो आणि तो पिनांच्या मधे राहायला नको. तोटा एकच, पिन इतकी आडवी असेल की पार शेजारणीवर टेकलीये तर नळी चढतच नाही.

इंजेक्शनची सुई तत्त्वाने तीच गोष्ट पण जास्त नेमकी. २१ नंबरच्या सुईचं आतलं भोक साधारण ०.५१ मिलीमीटर आणि बाहेरून ती ०.८२ च्या आसपास, एएम४ ला पिनांमधलं अंतर १ मिलीमीटर म्हणजे शेजारच्या पिनेला धक्का न लावता मधे बसते. टोक तिरकं कापलेलं असतं ते घासून सपाट करा, नाहीतर तीच धार पिनेवरचा सोन्याचा मुलामा खरवडते, आणि घासल्यावर आतला कीस पण काढा. हे सगळं करायची तयारी असेल तर पेन्सिलपेक्षा सुई सरस, नसेल तर पेन्सिल पुरते, दोन्हीत फार अंतर नाही.

प्लास्टिकचं कार्ड किंवा ब्लेड दोन ओळींच्या मधून फिरवायचं हे सगळीकडे सांगतात. अख्खी ओळ एकाच बाजूला थोडी झुकलीये अशा वेळी कार्ड खरंच छान चालतं, दहा-पंधरा पिना एका फेरीत ओळीत येतात. एकट्या, जास्त वाकलेल्या पिनेसाठी मात्र नको, कारण कार्ड तिच्यासोबत चांगल्या पिनांनाही ढकलतं. ब्लेड तर मी वापरत नाही, ते घसरलं की खालच्या हिरव्या सब्सट्रेटवर (पिना बसवलेल्या पट्टीवर) ओरखडा जातो आणि तिथे करंट नेणाऱ्या बारीक रेघा, म्हणजे ट्रेस असतात. कार्ड वापरायचं तर दोन्ही दिशांनी फिरवून बघा, आडव्या ओळीत सरळ दिसणारी पिन उभ्या ओळीत बाहेर आलेली असू शकते.

चिमट्याचं काम फक्त एक, पार झोपलेली पिन इतकी उचलायची की वरून नळी चढेल. म्हणजे साधारण अर्ध्यावर. तिथून पुढे चिमटा बाजूला ठेवायचा. चिमटा पिन एका बिंदूवर पकडतो आणि ती तिथेच कोपरासारखी मोडते, मुळाशी सरळ पण मधे वाक, आणि अशी दुहेरी वाकलेली पिन सगळ्यात वाईट कारण तिला दोनदा वाकवावं लागतं. माझी तुटली ती अशीच. आज तसाच प्रोसेसर समोर आला तर झोपलेली पिन बारीक सुईच्या टोकाने मुळाजवळून उचलेन आणि मग लगेच पेन्सिल.

सरळ झाल्या की प्रोसेसर सॉकेटवर ठेवायचा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून, आणि हात काढून घ्यायचा. या सॉकेटमध्ये लिव्हर उघडा असताना प्रोसेसर स्वतःच्या वजनाने आत पडला पाहिजे. पडत नसेल तर अजून एखादी पिन ओळीबाहेर आहे, परत काढून बघायचं, वरून दाबायचं अजिबात नाही. दाबून बसवताना पहिल्यापेक्षा जास्त पिना जातात.

आता तुटलेली पिन. इथे घाईने सोल्डरिंग आयर्न काढू नका, पहिलं काम म्हणजे ती पिन कसली होती ते शोधणं. त्या सॉकेटचा पिन चार्ट, म्हणजे कुठली पिन कशाची ते दाखवणारा नकाशा, काढा, ओळींना अक्षरं आणि रकान्यांना आकडे असतात, त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून मोजायचं. एक फसगत इथे हमखास होते, चार्ट वरून बघितलेला आहे की पिनांच्या बाजूने ते तपासा, उलट्या बाजूने मोजलं की आरशासारखं डावं-उजवं बदलतं आणि तुम्ही भलत्याच पिनेचं नाव वाचता. मी दोनदा मोजलं तेव्हा लक्षात आलं.

माझी ग्राउंडची, म्हणजे करंट परत जायच्या वाटेची निघाली. ग्राउंड आणि पॉवरच्या पिना संख्येने सगळ्यात जास्त असतात आणि एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली तर बाकीच्या भार वाटून घेतात आणि बहुतेक वेळा मशीन काही झालंच नाही असं चालतं. रिझर्व्ह्ड (राखीव) असं लिहिलं असेल तरी बहुधा चालून जातं. तुटलेला तुकडा सॉकेटच्या भोकात किंवा बोर्डवर पडलेला नाही एवढं बघा, आणि काहीही न करता तसाच लावा. न दुरुस्त करणं हा इथे खराच सगळ्यात चांगला पर्याय आहे, हात शिवशिवले तरी.

मेमरीच्या डेटाची पिन असेल तर त्या चॅनलची (रॅमकडे जाणाऱ्या त्या वाटेवरची) रॅम दिसत नाही किंवा एरर येतात, पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वगैरेंच्या जोडणीची असेल तर कार्ड कमी लेनवर (डेटाच्या कमी वाटांवर) चालतं किंवा एखादा स्लॉट बंद. एका चॅनलवर काम भागत असेल तर तेही चालवून घेता येतं, पण क्लॉक, रीसेट असल्या एकुलत्या एक सिग्नलची पिन गेली की डिस्प्लेच येत नाही, तिथे दुरुस्ती केल्याशिवाय इलाज नाही.

मग दोन रस्ते उरतात. पहिला, तारेचा. सॉकेटच्या त्याच भोकात पिनेएवढ्या जाडीच्या तांब्याच्या एकेरी तारेचा तुकडा सोडायचा, पिनेच्या उंचीपेक्षा अगदी कणभर लांब, म्हणजे प्रोसेसर बसला की तो प्रोसेसरच्या खालच्या पॅडला (पिन जिथे जोडलेली होती त्या धातूच्या ठिपक्याला) टेकतो आणि लिव्हर बंद केल्यावर सॉकेटची पकड त्याला बाजूने धरते. प्रोसेसरला आच लागत नाही, जमलं नाही तर तुकडा चिमट्याने परत काढता येतो, ही मोठी जमेची बाजू. पण तो नुसता टेकलेला असतो, तांबं काळं पडतं, गरम-थंड होताना सैल होतो, आणि तार जास्त लांब झाली तर वाकून शेजारच्या पिनेला लागते. पॉवरच्या शेजारी सिग्नल असेल तर मी हा प्रयोग करणार नाही. जुन्या, दुसऱ्या कामाच्या मशीनवर ठीक आहे.

दुसरा, सोल्डर. टिकाऊ तोच, पण घरी करण्यातला सगळ्यात अवघड पण तोच. आकडे समोर ठेवून विचार करा, बऱ्याच प्रोसेसरमध्ये चिप आणि वरच्या धातूच्या झाकणामधे इंडियम असतं, ते साधारण १५७ अंश सेल्सिअसला वितळतं. नेहमीचं ६३-३७ कथील-शिसं सोल्डर १८३ ला वितळतं, आणि कथील-बिस्मथची लो-टेम्परेचर पेस्ट १३८ ला. म्हणून आयर्न धरून बसायचं नाही, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ), बारीक टोक, एका सेकंदाचा स्पर्श, आणि शक्यतो बिस्मथची पेस्ट. ती पेस्ट ठिसूळ असते, तेव्हा पिन बसल्यावर प्रोसेसर परत परत काढायचा नाही. खरी अडचण झाकणापेक्षा शेजारच्या पिनांची आहे, त्या पण सोल्डरवरच उभ्या असतात आणि आच पसरली की त्याही कलतात, एक लावायला जाऊन तीन तिरक्या. पिन मेलेल्या प्रोसेसरवरची घ्या, आणि आधी त्याच मेलेल्यावर पाच-सहा वेळा लावून बघा. तिथे जमत नसेल तर चांगल्यावर जमणार नाही. पॅडच उखडलं असेल तर सरळ मायक्रोसोल्डरिंग (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सोल्डर) करणाऱ्याकडे.

सिल्व्हर पेंट किंवा करंट वाहणारा गोंद याबद्दल थोडक्यात, नको. सॉकेट पिनेला बाजूने दाबतं, गोंदाची पकड तेवढी नसते, आणि पसरलेला थेंब निघत नाही.

सॉकेटमध्ये पिना असलेल्यांसाठी माझं मत जरा कडक आहे. टॉर्च एका बाजूने तिरका धरा, सगळ्या पिनांची टोकं एका रेषेत चमकतात आणि वाकलेली लगेच नक्षीतून तुटून दिसते. फोनने मॅक्रो फोटो काढून मोठा करून बघा, डोळ्यांपेक्षा ते बरं. एक-दोन पिना, मोकळ्या जागेत, थोड्याशा कललेल्या, तर भिंगाखाली बारीक सुईने हळूच मूळ दिशेला आणा, शेजारचीसारखी दिसली की थांबा. इथे पेन्सिल चालत नाही, स्प्रिंगवर नळी चढवली की ती उभी होते आणि प्रोसेसर दाबताना चुकीच्या जागी टेकते. पाचपेक्षा जास्त असतील, एकावर एक गुंतल्या असतील किंवा एक जरी तुटली असेल तर घरी करू नका. तुटलेली स्प्रिंग घरी लावता येत नाही, अख्खं सॉकेट बदलावं लागतं आणि ते बोर्डला खालून बीजीए गोळ्यांनी (सोल्डरच्या बारीक गोळ्यांच्या जाळीने) सोल्डर केलेलं असतं, त्याला ते तापवून काढणारं-बसवणारं रीवर्क मशीन लागतं. पण इथे एक दिलासा आहे, बिघाड बोर्डात आहे, महागडा प्रोसेसर बहुतेक वेळा शाबूत असतो, तेव्हा बोर्ड बदलणं हाही विचार करण्यासारखा पर्याय.

वॉरंटीवर विसंबू नका, वाकलेली-तुटलेली पिन कंपन्या सहसा फिजिकल डॅमेज धरतात आणि ते कव्हर होत नाही. तरीही नवा कोरा माल उघडल्या उघडल्या पिना वाकलेल्या दिसल्या तर हात न लावता फोटो काढून आधी विक्रेत्याला विचारा, एकदा सुई लावली की तो रस्ता बंद.

डिस्प्ले आला म्हणून लगेच केस बंद करू नका. रॅमच्या सगळ्या स्लॉटमध्ये आळीपाळीने रॅम लावून पूर्ण क्षमता दिसते का बघा, रात्रभर मेमरी टेस्ट चालवा, ग्राफिक्स कार्ड किती लेनवर आहे ते तपासा, मागचे यूएसबी एक एक करून. यातलं काही कमी दिसलं तर चार्टवर त्या सिग्नलच्या पिना शोधा आणि प्रोसेसर काढून फक्त तेवढीच जागा भिंगाखाली घ्या. आणि काढताना मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून वायर काढा, कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, तो सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला.